विस्मृतीची मुदत

गेवराई तालुक्यातील उमापुरासारख्या गावी राहून तलाठी भरतीची तयारी करणाऱ्या उमेदवाराला, गाव नमुना सात म्हणजे अधिकार अभिलेख आणि नमुना बारा म्हणजे पिकांची नोंदवही, अशा शेकडो रूक्ष बाबी परीक्षेपर्यंत स्मरणात जाग्या ठेवाव्या लागतात. पावकी, निमकी, अडीचकी रोज तिन्हीसांजेला म्हणवून घेणारा जुना परवचा या कामी अपुरा पडतो, कारण पक्के आणि कच्चे असा भेद त्याच्या गावी नव्हता.

हा भेद करून उजळणीची तारीख ठरविणारे फ्लॅशकार्डांचे प्रोग्रॅम आता मोबाइलवर आहेत. निरर्थक अक्षरे स्वतः पाठ करून विस्मरणाचा वेग मोजणाऱ्या हेरमान एबिंगहाऊस यांचा ग्रंथ १८८५ चा. पण त्या वेगाला हिशेबात बांधले ते पोझनानचे विद्यार्थी पिओतर वोझ्निआक यांनी १९८७ साली ‘सुपरमेमो’ रचून. त्यांच्या रीतीने कार्डाची पहिली मुदत एक दिवसाची, दुसरी सहा दिवसांची, आणि पुढे उत्तर सुलभतेने आले तर दर वेळी सुमारे अडीचपट, म्हणजे पंधरा, मग सदतीस-अडतीस. चुकले की पुन्हा पहिल्या दिवसापासून तगादा सुरू.

निवड करताना देखणेपणावर भुलू नये. डेमियन एल्म्स यांचे २००६ मधील ‘अंकी’ दिसावयास सरकारी दप्तराइतकेच नीरस. परंतु अँड्रॉइडवर ते विनामूल्य मिळते, नेटवर्क गेले तरी चालते आणि आपली कार्डे उद्या अन्यत्र न्यावयाची तर अडवून ठेवीत नाही. आयफोनवर मात्र दाम मोजावे लागतात. ‘म्निमोसिनी’ अधिक साधे आहे. ‘क्विझलेट’ वर्गात शिक्षकाच्या उपयोगाचे, एकट्या उमेदवाराच्या दीर्घ तयारीला माझ्या मते कमी सोयीचे. २०२३ पासून अंकीत आलेली ‘एफएसआरएस’ ही रीत उमेदवाराच्याच चुकांच्या इतिहासावरून मुदती बेतते; तीत स्मरणाचे प्रमाण मूळच्या नव्वद टक्क्यांवरून सत्त्याण्णववर नेण्याचा मोह झाला, की रोजच्या कार्डांची संख्या बेसुमार फुगते.

कार्ड मात्र स्वहस्ते लिहावे. ‘एकवीसही गाव नमुने सांगा’ हे कार्ड निरुपयोगी, कारण वीस आठवून एक चुकला तरी सगळेच पुन्हा दारात. ‘पिकांची नोंदवही कोणता नमुना?’ एवढेच विचारणारे चांगले. आणि लग्नसराईत आठवडा बुडून थकबाकी साचली, तर ती फिटेतो नवी कार्डे खुशाल बंद ठेवावीत.