जार पडण्याची वाट आणि करडाची मुदत

मृगाच्या सरींनी माळावर हिरवळ धरली की शेळ्या माजावर येतात, आणि गर्भधारणेचे सुमारे दीडशे दिवस भरून कार्तिक-मार्गशीर्षात, म्हणजे सोलापूर जिल्ह्यात पहाटेचा गारठा अंगाला झोंबू लागतो नेमक्या त्याच सुमारास, सांगोला, मंगळवेढा, मोहोळ, बार्शी या तालुक्यांच्या वाड्यावस्त्यांवर शेळ्यांच्या विण्याचा हंगाम येतो. आपल्याकडची शेळी बहुतकरून उस्मानाबादी जातीची. तिचे मूळ ठाणे तुळजापूर, लातूर, उदगीर हा पूर्वीच्या निजामी अमलातील मुलूख, रंग बहुधा काळाभोर आणि जुळी देण्याबद्दल तिची ख्याती. जुळ्यांतले एक करडू पुष्कळदा दुसऱ्याहून लहान निपजते, थरथरत पडून राहते, उठू पाहते आणि पुढच्या गुडघ्यांवर कोसळते. अशा करडाशेजारी बसलेल्या माणसांच्या तोंडून, निरनिराळ्या गावी आणि निरनिराळ्या वर्षी, मी एकच वाक्य ऐकत आलो आहे : ‘‘आवं, आधी जार तर पडू द्या, मग पाजू की.’’

हे वाक्य निर्दय माणसे उच्चारत नाहीत. ज्या आजीबाई रात्रभर कंदील घेऊन शेळीपाशी बसतात, ज्या स्वतःचे लुगडे फाडून करडू पुसतात, त्याच हा हुकूम देतात, आणि त्यांच्या शब्दाला घरात मान असल्यामुळे तो हुकूम कोणी मोडत नाही. कारण विचारले तर कोणी सांगते की करडू पिऊ लागले की जार वर ओढला जातो आणि आतच अडकतो. कोणी सांगते की जार पडण्यापूर्वीचा चीक दूषित असतो, तो पिल्लाला बाधतो. ही दोन्ही कारणे खोटी आहेत. या समजुतीने दरसाल किती करडे दगावतात याची नोंद कोणत्याही दप्तरात होत नाही. मालक ‘अंगातच दम नव्हता’ एवढे म्हणून विषय मिटवतो, आणि पुढच्या वितीला पुन्हा जाराची वाट पाहत बसतो. याच गोष्टीची मला चीड येते.

आधी हे समजून घेतले पाहिजे की माणसाचे बाळ आणि शेळीचे करडू यांची जन्मवेळची स्थिती सारखी नसते. माणसाच्या गर्भाला आईच्या रक्तातील रोगप्रतिकारक प्रतिपिंडे वारेतून गर्भाशयातच मिळालेली असतात. शेळी, मेंढी, गाय आणि म्हैस यांच्या वारेची रचना निराळी असून तिच्यात आईचे रक्त आणि गर्भाचे रक्त यांच्यामध्ये पेशींचे इतके थर असतात की प्रतिपिंडांसारखे मोठे प्रथिनरेणू ते ओलांडू शकत नाहीत. त्यामुळे करडू जगात येते ते जवळजवळ निःशस्त्र. गोठ्यातील जंतूंशी लढण्याचे त्याचे सारे साहित्य आईच्या कासेत, चिकामध्ये, साठवलेले असते. ज्यांना ही पुस्तकी कल्पना वाटत असेल त्यांच्यासाठी दाखला देतो : १९२२ साली अमेरिकेत प्रिन्स्टन येथील रॉकफेलर संस्थेच्या पशुरोग विभागात थिओबाल्ड स्मिथ आणि राल्फ लिटल यांनी काही नवजात वासरांना चीक पाजला व काहींना तो मुद्दाम दिला नाही, चिकावाचून राहिलेल्यांपैकी बहुतेक अल्पावधीतच दगावली. प्रयोग वासरांवरचा असला तरी वारेच्या बाबतीत करडाची कथा तीच आहे.

तथापि चीक मिळाला एवढ्याने भागत नाही, तो मुदतीत मिळावा लागतो. जन्मानंतरच्या पहिल्या काही तासांत करडाच्या आतड्याचे अस्तर ही प्रतिपिंडे न पचवता, अखंड स्वरूपात, थेट रक्तात घेते. ही शक्ती दर तासाला उतरत जाते, पहिल्या सहा तासांनंतर ती पुष्कळच क्षीण होते आणि सुमारे चोवीस तासांत संपते. त्यानंतर पाजलेला चीक पोटात अन्न म्हणून पचतो, परंतु संरक्षण म्हणून रक्तात शिरत नाही. आता जाराचा हिशेब मांडा. निरोगी शेळीचा जार विल्यानंतर काही तासांत पडतो, आणि बारा तास उलटूनही पडला नाही तरच तो अडकला असे मानून पशुवैद्यकाला बोलावायचे असते. म्हणजे ‘जार पडू द्या’ असे म्हणणारा माणूस करडाला सहा, आठ, प्रसंगी बारा तास उपाशी ठेवण्याची तजवीज करीत असतो. धडधाकट करडू त्यातून कसेबसे तगेलही. दीड-दोन किलो वजनाच्या अशक्त करडाच्या अंगात मुळी तेवढी शिदोरीच नसते, कारण जन्मतः त्याच्याजवळ असलेली विशिष्ट चरबी, जी जाळून ते ऊब निर्माण करते, पाचएक तासांत सरते.

जार वर ओढला जातो या समजुतीविषयी तर असे म्हणावे लागते की वस्तुस्थिती तिच्या नेमकी उलट आहे. करडाने सडाला तोंड लावले, कासेला दोन ढुशा दिल्या की शेळी पान्हा सोडते, हे प्रत्येक गुराख्याने पाहिलेले असते. हा पान्हा ज्या द्रव्यामुळे सुटतो ते ऑक्सिटोसिन मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीतून रक्तात उतरते, आणि कासेप्रमाणेच गर्भाशयालाही आकुंचनाची आज्ञा देते. गर्भाशय आकुंचन पावले की जार सुटण्यास मदतच होते. म्हणजे ज्याला आपण अडथळा समजून दूर ठेवतो ते पिणे जाराला हातभार लावणारे असते. लोंबणारा जार हाताने ओढणे किंवा त्याला दगड बांधणे हे मात्र खरोखर घातक आहे. तो तुटून आत राहतो, किंवा गर्भाशयाला इजा करतो.

चीक दूषित असतो, असे ज्यांना वाटते त्यांना मी खरवसाची आठवण देतो. साधे दूध तापवले तर ते उतू जाते, थिजत नाही. चीक तापवला की तो थिजतो, कारण त्यात प्रथिने विपुल असतात, आणि त्या प्रथिनांचा फार मोठा भाग म्हणजेच ती प्रतिपिंडे. आपल्या ताटात वड्या होऊन जी पडते ती वासराची ढाल असते. याच कारणाने करडाला द्यायचा चीक कधीही उकळू नये, चुलीवर थेट ठेवू नये. भांडे कोमट पाण्यात धरून तो अंगाच्या उबेइतका करावा. चिकानंतर करडू प्रथम काळसर व मग पिवळी चिकट लेंडी टाकते, तिलाच लोक हगवण समजून चीक तोडतात. वास्तविक आतडे साफ होत असल्याचे ते लक्षण असते.

येथवर वाचून कोणी उत्साहाने उठेल आणि निपचित पडलेल्या करडाच्या तोंडात ताबडतोब चीक ओतेल, म्हणून येथे थांबून सांगणे अवश्य आहे. अशक्त करडाच्या बाबतीत क्रम महत्त्वाचा : आधी कोरडे, मग ऊब, मग चीक. करडाच्या शरीराचे स्वाभाविक तापमान १०२ ते १०४ अंश फॅरनहाइट असते. तोंडात बोट घालून पाहावे. तोंड गार लागले, बोट चोखले गेले नाही, गुदद्वारात धरलेला तापमापक ९९ च्या खाली राहिला, तर ते करडू गिळण्याच्या स्थितीत नाही आणि त्याचे पोटही पचवण्याच्या स्थितीत नाही. नाकातोंडातला चिकटा पुसून, कोरड्या फडक्याने अंग चोळून, कडब्याने भरलेल्या खोक्यात, फडक्यात गुंडाळलेल्या कोमट पाण्याच्या बाटल्यांमध्ये त्याला ठेवावे. जन्मून पाच तासांहून अधिक काळ उपाशी राहिलेले थंडगार करडू मात्र नुसत्या उबेने झटके येऊन दगावू शकते, कारण रक्तातील साखर संपलेली असते. तेथे पशुवैद्यकाने आधी ग्लुकोज टोचणे हाच मार्ग.

ऊब धरली, बोट चोखू लागले, की शेळीचे सड धुऊन पहिल्या दोन धारा सोडून द्याव्यात आणि चीक स्वच्छ बाटलीत काढावा. करडू उभे किंवा छातीवर बसलेले असावे, मान किंचित वर. उताणे धरून बोंडल्याने घशात धार सोडण्याची आपल्याकडची रीत मला अत्यंत चिंतेची वाटते. चोखताना जठरातली एक पन्हळ मिटते आणि दूध पहिल्या कप्प्यांना वगळून नेमक्या कप्प्यात पोहोचते, ओतलेले दूध मात्र फुफ्फुसात जाण्याची भीती असते, आणि मग दोन दिवसांनी करडू धापा टाकत मरते तेव्हा दोष पुन्हा चिकाला दिला जातो. चोवीस तासांत वजनाचा किमान दहावा हिस्सा चीक पोटात जावा : दोन किलोच्या करडाला २०० मिलिलिटर, थंडीत त्याहून अधिक, आणि एकदम न पाजता चार-पाच वेळा विभागून. आई आटलेली किंवा मेली असेल तर त्याच दिवशी विलेल्या दुसऱ्या शेळीचा चीक घ्यावा, तोही नसल्यास गाईचा. महूदसारख्या गावी, जेथे मेंढी व शेळी विकास महामंडळाचे प्रक्षेत्र आहे, किंवा ज्या वस्तीवर कोणाकडे शीतपेटी आहे, तेथे हंगामाच्या आरंभी जादा चीक लहान बाटल्यांत गोठवून ठेवणे अवघड नाही.

किरकोळ समजुतींना फार जागा देत नाही. नाळेला शेण, राख किंवा चुलीतली माती लावल्याने ती वाळत नाही, धनुर्वाताचे जंतू मात्र आत जातात. टिंक्चर आयोडिन लावावे. दारूचे थेंब पाजल्याने अंगात ऊब येत नाही, कातडीकडील रक्तवाहिन्या रुंदावून असलेली ऊबही बाहेर जाते. बाटलीच्या दुधात निम्मे पाणी घातल्याने ते ‘हलके’ होत नाही, करडाला निम्मे अन्न मिळते. कमजोर करडू पुढे कमजोरच राहते हेही खरे नव्हे. पहिले दोन दिवस निभावलेली करडे बहुधा चांगली वाढतात.

आणि माणसाचा हात लागला की शेळी पिल्लू टाकते, ही समजूत अर्धवट आहे. शेळी आपले पिल्लू वासाने ओळखते आणि ती ओळख विल्यानंतरच्या पहिल्या काही तासांतच पक्की होते. हाताने ती बिघडत नाही, दुराव्याने बिघडते. म्हणून करडाला साबणाने धुऊ नये, पाठीवरचा थोडा ओलावा आईला चाटू द्यावा, उबेचे खोके स्वयंपाकघरात न नेता शेळीच्या नजरेसमोर, तिच्या नाकाच्या टप्प्यात ठेवावे, आणि करडाच्या पायांत बळ येताच, बाटली पाजायची राहिली असली तरी, त्याला प्रथम कासेकडे न्यावे.