शेत घ्यावें कसें?

शिकलेल्या तरुणांनीं खेड्याकडे परत जावें, हा उपदेश व्यासपीठांवरून सारखा ऐकूं येतो. परंतु एखाद्या नवविवाहित जोडप्यानें तो मनावर घेतला, तर त्यानें जमीन आणावी कोठून, याचा विचार उपदेशक करीत नाहींत. तो आज आम्ही करणार आहों.

पहिली अडचण पैशाची. समजा, जिराईत जमीन एकरीं वीस लाखांस मिळाली आणि नऊ टक्क्यांनीं कर्ज काढलें, तर वर्षाचें नुसतें व्याज १,८०,००० रुपये होतें. त्या एकरांत आठ क्विंटल सोयाबीन पिकलें व २०२४-२५ सालचा ४,८९२ रुपयांचा हमीभाव पदरांत पडला, तरी हातीं ३९,१३६ रुपयेच येणार. बीं, खत, मजुरी त्यांतूनच! शहराजवळील जमिनीचा भाव पिकावर ठरत नाहीं. उद्यां होणाऱ्या रस्त्यावर व बंगल्यावर ठरतो.

दुसरी अडचण कायद्याची. पश्चिम महाराष्ट्रांत व कोकणांत १९४८ च्या कुळकायद्याप्रमाणें, जो शेतकरी नाहीं त्यास जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवांचून शेतजमीन विकत घेतां येत नाहीं. १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनानंतर आपल्यापैकीं पुष्कळ घरांच्या जमिनी कुळांकडे गेल्या. कसणाऱ्यास जमीन मिळाली हें न्याय्यच झालें. पण त्या घरांतील नातू आज स्वतः नांगर धरूं म्हणेल, तर सातबाऱ्यावर नांव नाहीं म्हणून त्याची वाट अडते. खंडानें घ्यावी, तर कुळाच्या हक्काला भिऊन मालक लेखी करार टाळतो. आणि कागदावांचून पीककर्ज मिळणें कठीण.

ज्यांच्या घरीं अजून जमीन आहे, त्यांच्यावर म्हणूनच मोठी जबाबदारी आहे. राज्यांतील सरासरी धारणा १९७०-७१ सालीं ४.२८ हेक्टर होती. २०१५-१६ सालीं ती १.३४ हेक्टरांवर आली. नोकरीवर असलेल्या भावांनीं आपला तुकडा विकण्याची घाई करूं नये. घरांतील जें जोडपें कसावयास तयार असेल, त्याच्याकडे सर्व क्षेत्र सोंपवावें. मुदत व उत्पन्नाचा वांटा कागदावर लिहावा. २००५ पासून मुलींचाही समान हक्क आहे. तेव्हां बहिणींस विचारल्यावांचून कांहीं ठरवूं नये. विकणें भागच पडलें, तर पहिला शब्द घरच्या कसणाऱ्यास द्यावा व किंमत हप्त्यांनीं घ्यावी.

ज्यांच्याजवळ कांहींच नाहीं, त्यांनीं कर्जापूर्वीं दोन हंगाम एखाद्या जाणत्या शेतकऱ्याच्या हाताखालीं काढावे. जमीन मागाहून घेतां येईल. व्याजांत बुडालेला संसार सांवरणें मात्र अवघड असतें.