औटकीतील ‘औट’

व्यवहारातील हिशेब तोंडी करता यावा म्हणून मराठी शाळांतून पावकी, निमकी, सवायकी, दिडकी, अडीचकी यांबरोबर औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा, पाठ करून घेत. भाषाभ्यासकाला या पाढ्यांचे मोल निराळेच आहे. तालावर घोकलेला शब्द सहसा बदलत नाही. बोलण्यात ‘दोन’ रूढ झाले, तरी पाढ्यात प्राकृतातील ‘बे’ टिकले. ‘चतुष्क’ तेथे ‘चोक’ होऊन राहिले. ‘औट’ याहूनही लक्षणीय होय. संस्कृत ‘अर्धचतुर्थ’, प्राकृत ‘अद्धुट्ठ’, त्यावरून ‘औट’: ज्यातील चौथा अर्धाच आहे असे, म्हणजे साडेतीन. ‘अर्धतृतीय’पासून आलेल्या ‘अडीच’ची घडणही अशीच, परंतु ‘अडीच’ बाजारात चालत राहिले, आणि संतवाङ्मयात देहाला ‘औट हात’ म्हणणारा शब्द मात्र पुढे बव्हंशी पाढ्याच्याच आश्रयाने जगला. १९५७ साली दशमान नाणी आली, मागोमाग मेट्रिक वजनमापे आली, आणि अपूर्णांकांचे पाढे मागे पडले. ‘औटघटकेचे राज्य’ हा प्रयोग आजही सर्रास होतो. घटका २४ मिनिटांची. तेव्हा हे राज्य ८४ मिनिटांचे. पण ‘औट’ म्हणजे नुसते ‘अल्प’, असाच समज आता सुशिक्षितांतही आढळतो.