दोन पराभवांचे विजेते

गैरसमज : मोसमात दोनदा हरलेला संघ विजेता होऊच शकत नाही.

2014 ते 2023 चा अनुभव पाहता हे म्हणणं बरोबर होतं. अमेरिकन कॉलेज फुटबॉलच्या बाद फेरीत तेव्हा चारच संघ जायचे आणि दहा वर्षांत दोन पराभव झालेल्या एकाही संघाला तिथे जागा मिळाली नाही. 2024 मध्ये ही संख्या बारा झाली. त्याच मोसमात ओहायो स्टेट विद्यापीठाचा संघ ऑक्टोबरमध्ये ओरेगनकडून 31-32 असा एका गुणाने हरला. 30 नोव्हेंबरला तर कोलंबसमधल्या आपल्याच मैदानावर, लाखभर प्रेक्षकांसमोर, मानांकनात कुठेही नसलेल्या मिशिगनने त्यांना 13-10 असं नमवलं. किकर जेडेन फील्डिंगचे दोन फील्ड गोल हुकले आणि सामना तीनच गुणांनी गेला! मिशिगनकडून हा सलग चौथा पराभव. प्रशिक्षक रायन डे यांना काढा, अशी मागणी चाहत्यांनी लावून धरली.

तरीही आठवं मानांकन मिळवून संघ बाद फेरीत पोहोचला. टेनेसीला 42-17 असं हरवल्यावर रोझ बोल या उपांत्यपूर्व सामन्यात गाठ पडली ती पुन्हा ओरेगनशी, आणि मध्यंतराआधीच ओहायो स्टेटकडे 34-0 अशी आघाडी होती. उपांत्य सामन्यात टेक्सास बरोबरी साधण्याच्या बेतात असताना ओहायो स्टेटच्या जॅक सॉयरने त्यांचा क्वार्टरबॅक क्विन युअर्सच्या हातून चेंडू सोडवला आणि 83 यार्ड धावत जाऊन टचडाउन केलं. हे दोघं 2021 मध्ये ओहायो स्टेटमध्ये एकाच खोलीत राहायचे. मला तरी त्या मोसमातला हाच क्षण सर्वांत थरारक वाटतो.

20 जानेवारी 2025 ला अटलांटात नोत्र दामला 34-23 असं हरवून ओहायो स्टेट विजेता झाला. शेवटचा फील्ड गोल मारला तो फील्डिंगनेच.

गैरसमज : राष्ट्रीय विजेता व्हायचं तर आधी आपली कॉन्फरन्स (विद्यापीठांचा गट) जिंकावी लागते.

ओहायो स्टेटला बिग टेन या आपल्या कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यातही स्थान मिळालं नव्हतं. बारापैकी पाच जागा कॉन्फरन्स विजेत्यांसाठी होत्या, उरलेल्या सात निवड समितीच्या क्रमवारीवर भरल्या गेल्या. ज्या चार विजेत्यांना पहिल्या फेरीत विश्रांती मिळाली, ते चौघेही आपला पहिलाच सामना हरले.

गैरसमज : विद्यार्थी खेळाडूंना फक्त शिष्यवृत्ती मिळते.

जुलै 2021 पासून खेळाडूंना स्वतःच्या नावाच्या आणि प्रतिमेच्या वापरातून कमाई करता येते. 2024 च्या ओहायो स्टेट संघाची अशी कमाई सुमारे 2 कोटी डॉलर असल्याचं विद्यापीठाच्या क्रीडा संचालकांनीच सांगितलं होतं. 1 जुलै 2025 पासून विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसेही देऊ शकतात. मैदानावर हाडं मोडून घेणाऱ्या पोरांना त्यांचा वाटा मिळायला फार उशीर झाला, असं माझं स्पष्ट मत आहे.

गैरसमज : विजेतेपद मिळालं की मिशिगनकडून झालेला पराभव विसरला जातो.

ओहायोत तसं होत नाही. नोव्हेंबरच्या अखेरीस होणाऱ्या या सामन्याचा हिशोब तिथे वेगळा ठेवला जातो. राष्ट्रीय विजेते झाल्यावरही ओहायो स्टेटच्या नावापुढे मिशिगनविरुद्धचे चार पराभव तसेच होते. ती मालिका तुटली नोव्हेंबर 2025 मध्ये, मिशिगनच्या मैदानावर, 27-9 अशा विजयाने.