किब्बर : बर्फाच्या पाण्यावरचं गाव

हिमाचल प्रदेशातल्या स्पिती खोऱ्यात, सुमारे ४,२०० मीटर उंचीवर किब्बर वसलं आहे. आपलं कळसूबाई १,६४६ मीटरचं, म्हणजे अडीच कळसूबाई एकावर एक!

पाऊस इथे नावालाच. वितळणाऱ्या बर्फाचं पाणी पाटांनी वळवून शेती होते, वर्षाला एकच पीक. जव पिढ्यान्‌पिढ्यांचं, हिरवा वाटाणा अलीकडचा, पण रोख पैसा तोच देतो. जाड भिंतींवर सपाट धाबी, त्यांवर हिवाळ्यासाठी रचलेला चारा आणि सरपण. शौचालयं कोरडी. वरून माती-राख टाकत राहायची आणि कुजलेलं खत शेतात न्यायचं. नळातलं पाणी गोठतं तिथे याहून शहाणी सोय कोणती?

हिमबिबट्या याक आणि शिंगरं मारतो. त्यावर २००२ मध्ये गावाने म्हैसूरच्या नेचर कॉन्झर्व्हेशन फाउंडेशनच्या मदतीने जनावरांचा विमा सुरू केला. हप्ता मालकांचा, कारभार गावाचा. सूड म्हणून बिबट्या मारण्यापेक्षा ही वाट कितीतरी मोलाची.

शेजारचं चिचम खोल घळीपलीकडे. २०१७ मध्ये पूल खुला होईपर्यंत माणसं आणि सामान तारेवरच्या पाळण्यातून ये-जा करत.