जुन्या जीपचे नट-बोल्ट

जुनी मोटार दुरुस्त करून मूळ रूपात आणायची म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर इंजिन, रंग आणि गाद्या येतात. इंजिनाला मेकॅनिक मिळतो, रंगाला रंगारी मिळतो. काम अडून बसते ते पाव इंचाच्या एखाद्या बोल्टपाशी. गाडी सुटी करताना डबाभर निघालेले नट, बोल्ट, वॉशर, क्लिपा आणि पिना पुन्हा जागेवर बसवायच्या वेळी निम्म्या गंजलेल्या असतात, काही तुटलेल्या असतात आणि काही मुळातच चुकीच्या असतात. हा डबा म्हणजे विज्ञानाच्या शिक्षकाला हाती आलेला खजिनाच आहे. मोजमाप, धातूंचे गुणधर्म, विद्युत-रसायन, घर्षण आणि थोडा इतिहासही त्यात सापडतो.

उदाहरण म्हणून आपण जीप घेऊ. नाशिककरांना ही गाडी परकी नाही. सातपूरला महिंद्रचा मोटारींचा कारखाना आहे, आणि द्राक्षबागांच्या रस्त्यांवर जुन्या जीपा पुष्कळ वर्षे राबल्या. १९४५ साली स्थापन झालेल्या या कंपनीने १९४० च्या दशकाअखेर मुंबईत अमेरिकन विलिस जीपची जुळणी सुरू केली. पुढे गाडीचा सांगाडा बराचसा तोच राहिला, इंजिने मात्र बदलत गेली. १९८० च्या दशकातल्या एमएम ५४० या जीपमध्ये फ्रान्सच्या प्यूजो कंपनीच्या आराखड्याचे डिझेल इंजिन आले. परिणाम असा की एकाच गाडीत सांगाड्याचे बोल्ट अमेरिकन इंची मापाचे आणि इंजिनाचे बोल्ट मेट्रिक मापाचे! आपला डबा उघडला की हा दोन देशांचा संसार एकत्र सांडतो.

आता आट्यांकडे पाहू. बोल्ट ओळखायला तीन गोष्टी लागतात: बाहेरचा व्यास, दोन आट्यांमधले अंतर म्हणजे पिच, आणि आट्याच्या खाचेचा कोन. इंग्लंडमध्ये जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ साली पहिली सर्वमान्य पद्धत मांडली. तिच्यात खाचेचा कोन ५५ अंश होता. अमेरिकेत १८६४ साली विल्यम सेलर्स यांनी ६० अंशांचा आटा सुचवला, कारण तो बनवायला आणि तपासायला सोपा होता. दुसऱ्या महायुद्धात एका मित्रराष्ट्राचे सुटे भाग दुसऱ्याच्या यंत्राला बसेनात. ही अडचण दूर करण्यासाठी १९४८ साली अमेरिका, इंग्लंड आणि कॅनडा यांनी मिळून ६० अंशांचा 'युनिफाइड' आटा स्वीकारला. त्यातल्या बारीक आट्यांना युएनएफ आणि जाड आट्यांना युएनसी म्हणतात. मेट्रिक आट्याचा कोनही ६० अंशच असतो, पण मोजमाप मिलिमीटरमध्ये असते. भारताने १९५६ च्या कायद्याने मेट्रिक मापे स्वीकारली. तरी हार्डवेअरच्या दुकानांतून व्हिटवर्थचा 'इंची' बोल्ट हद्दपार झालेला नाही.

एक गंमत सांगण्याजोगी आहे. मॉरिस मोटारींची इंजिने सुरुवातीला हॉचकिस या फ्रेंच कंपनीच्या कॉव्हेंट्री येथील कारखान्यात बनत. तिथली यंत्रे मेट्रिक होती, म्हणून आटे मेट्रिक पडत. पण इंग्लिश मेकॅनिकजवळ पाने व्हिटवर्थचे! तेव्हा आटे मेट्रिक आणि डोके व्हिटवर्थचे असे बोल्ट बनवले गेले, आणि कारखाना मॉरिस यांनी विकत घेतल्यावरही ती चाल बरीच वर्षे टिकली. त्यामुळे केवळ पाना बसला म्हणून बोल्टची जात ठरवू नये.

वर्गात हे मोजायला महागडे गेज लागत नाही. कार्बन पेपर पांढऱ्या कागदावर ठेवा आणि बोल्ट त्यावर दाबून सरळ पुढे ढकला. आट्यांच्या रेघा उमटतील. एका इंचात किती रेघा बसतात ते मोजा. ५/१६ इंची युएनएफ बोल्टला इंचात २४ आटे असतात, म्हणजे पिच २५.४ भागिले २४, सुमारे १.०६ मिलिमीटर. ८ मिलिमीटरच्या नेहमीच्या मेट्रिक बोल्टची पिच १.२५ मिलिमीटर असते. व्यासात मात्र फरक किती? ५/१६ इंच म्हणजे ७.९४ मिलिमीटर, म्हणजे फक्त सहा शतांश मिलिमीटरचा. डोळ्यांना तो दिसणार नाही. म्हणून एकाचा नट दुसऱ्यावर सहज चढायला लागतो. दर फेऱ्याला सुमारे ०.१९ मिलिमीटरची तफावत साचते, आणि एक-दोन फेऱ्यांत नट अडतो. शिकाऊ पोरगा म्हणतो, 'टाइट आहे', आणि लांब पाना लावतो. मग दोन्हींचे आटे जातात. ओळखीचा आणखी सोपा उपाय म्हणजे खात्रीचा बोल्ट आणि शंकेचा बोल्ट एकमेकांना आडवे टेकवून उजेडासमोर धरणे. आटे एकमेकांत नीट बसले आणि मधून प्रकाश आला नाही तर पिच एकच.

याहून फसवी एक जोडी आहे. ३/८ इंची युएनसी आणि ३/८ इंची व्हिटवर्थ या दोन्हींना इंचात १६ आटेच असतात. फरक फक्त कोनात, ६० आणि ५५ अंशांचा. (अर्ध्या इंचात मात्र युएनसीला १३ आणि व्हिटवर्थला १२ आटे पडतात.) त्यामुळे दुकानातला साधा इंची बोल्ट जीपच्या भोकात बिनतक्रार जातो, शेवटपर्यंत आवळलाही जातो. पण आट्यांच्या बाजू पूर्ण टेकत नाहीत, आणि मुख्य म्हणजे तो बोल्ट बहुधा मऊ पोलादाचा असतो. स्प्रिंगच्या टोकाला किंवा स्टिअरिंगच्या खोक्याला असा बोल्ट बसला तर गाडी सुरू होईल, पण चालवणाऱ्याच्या जिवाला धोका राहील.

बोल्टचा दम त्याच्या डोक्यावर लिहिलेला असतो. अमेरिकन पद्धतीत डोक्यावर मध्यापासून बाहेर जाणाऱ्या तीन रेघा म्हणजे ग्रेड ५ आणि सहा रेघा म्हणजे ग्रेड ८. मेट्रिक बोल्टवर ८.८ किंवा १०.९ असे आकडे असतात. ८.८ मधला पहिला ८ म्हणजे तुटण्याचा ताण दर चौरस मिलिमीटरला ८०० न्यूटन, आणि दशांशानंतरचा ८ म्हणजे त्याच्या ८० टक्क्यांवर, ६४० न्यूटनला, बोल्ट कायमचा ताणला जातो. ८ मिलिमीटर बोल्टचे आट्यांच्या जागचे उपयोगी क्षेत्रफळ ३६.६ चौरस मिलिमीटर धरतात. गुणाकार करून पाहा: ६४० गुणिले ३६.६ म्हणजे सुमारे २३,४०० न्यूटन, म्हणजे करंगळीएवढ्या बोल्टवर जवळजवळ २,४०० किलोग्रॅमचा भार. मुलांना हा आकडा खरा वाटत नाही, म्हणूनच तो फळ्यावर करून दाखवावा. डोक्यावर काहीच खूण नसलेला बोल्ट सीट, मडगार्ड, पायदान अशा ठिकाणी वापरावा. ब्रेक, स्टिअरिंग आणि स्प्रिंग यांना तो लावू नये.

हे भाग मिळवायचे कुठे? मुंबईत नागदेवी स्ट्रीट हा हार्डवेअर आणि हत्यारांचा जुना बाजार आहे. युएनएफचे नवे बोल्ट ग्रेडसह मागितले तर तिथल्या दुकानदारांना सांगावे लागत नाही. नाशिकमध्ये अंबड-सातपूर लिंक रोडचा भंगार बाजार पुष्कळांना ठाऊक होता. जानेवारी २०१७ मध्ये महापालिकेने तिथली अनधिकृत दुकाने हटवली. भंगारातून घ्यायचे ते ठराविक आकाराचे, हल्ली न बनणारे भाग: बॉनेटची कडी, काचेच्या चौकटीचे पितळी स्क्रू, बिजागऱ्या. ताण घेणारे बोल्ट भंगारातून घेऊ नयेत; ते आधी किती वेळा ताणले गेले हे कळायला मार्ग नसतो. स्प्रिंग वॉशर आणि स्प्लिट पिना तर नेहमी नव्याच घालाव्यात. अगदीच न मिळणारा नट सातपूर-अंबडच्या एखाद्या लेथवर करून मिळतो. कारागिराला नमुना द्यावा आणि आट्यांचा आकडा कागदावर लिहून द्यावा, कारण नमुना झिजलेला असतो.

आता गंजलेले भाग. लोखंडाचा गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो, म्हणून नट बोल्टवर घट्ट जाम होतो. आधी वायर ब्रशने घासून झिरपणारे तेल सोडावे आणि रात्रभर थांबावे. बारीक फटीत तेल केशाकर्षणाने शिरते. तरीही हटला नाही तर नट तापवतात. १० मिलिमीटरचे भोक ३०० अंशांनी तापले तर सुमारे ०.०३६ मिलिमीटरने मोठे होते. ऐकायला हे थोडे वाटते, पण गंजाचा थर भेगाळायला पुरते. मात्र पेट्रोलची टाकी, रबर आणि ब्रेकच्या नळ्या जवळ असताना ज्योत लावायची नाही. शिवाय जुन्या काही बोल्टांवर कॅडमियमचा मुलामा असतो. त्याचा धूर आणि घासताना उडणारी पूड दोन्ही विषारी आहेत. मुलांच्या हाती असे काम देऊ नये.

सुट्या झालेल्या भागांचा गंज काढायला व्हिनेगर किंवा लिंबाचे सत्त्व चालते. पण शाळेत दाखवायला विद्युत-विच्छेदनाची रीत अधिक बोलकी आहे. प्लॅस्टिकच्या बादलीत पाच लिटर पाणी घेऊन त्यात चार-पाच चमचे धुण्याचा सोडा विरघळवावा. गंजलेला भाग १२ व्होल्टच्या चार्जरच्या ऋण टोकाला आणि साध्या लोखंडाचा तुकडा धन टोकाला जोडावा. दोघांचा स्पर्श होऊ देऊ नये. ऋण टोकाशी हायड्रोजनचे बुडबुडे येतात, गंज सुटतो आणि त्याचा काही भाग काळ्या चुंबकीय ऑक्साइडमध्ये बदलतो. चांगल्या लोखंडाला इजा होत नाही. तीन पथ्ये पाळावीत. हायड्रोजन पेटतो म्हणून हे काम उघड्यावर करावे. सोड्याऐवजी मीठ टाकू नये, त्याने क्लोरिन निघतो. आणि धन टोकाला स्टेनलेस स्टील लावू नये, कारण त्यातले क्रोमियम विषारी रूपात पाण्यात उतरते.

हाच हायड्रोजन पुढे एक वेगळा घात करतो. त्याचे अणू इतके लहान असतात की ते पोलादाच्या आत शिरतात. मऊ बोल्टला त्याचे फारसे काही वाटत नाही. पण १०.९ किंवा त्याहून कडक बोल्ट, स्प्रिंगा आणि स्प्रिंग वॉशर ठिसूळ होतात आणि आवळल्यावर काही तासांनी किंवा दिवसांनी अचानक तुटतात. तोही ओव्हरलोड नसताना! म्हणून कडक भाग आम्लात किंवा बादलीत टाकू नयेत; ते ब्रशने घासून साफ करावेत.

साफ केलेला भाग उघडा ठेवला तर नाशिकच्या पावसाळ्यात आठवड्यात पुन्हा लाल होईल. त्याला जस्ताचा मुलामा देतात. जस्त लोखंडापेक्षा अधिक क्रियाशील असते, म्हणून ओरखडा पडला तरी आधी जस्त झिजते आणि लोखंड वाचते. मुलामा देणारे बारीक भाग एका भोके पाडलेल्या पिंपात घालून द्रावणात फिरवतात. आपले चाळीस बोल्ट दुसऱ्याच्या चार हजारांत मिसळले तर परत मिळणे कठीण. तेव्हा मोजून द्यावेत, आणि वेगळे काढायचे तर तांब्याच्या तारेत ओवून द्यावेत. कडक बोल्ट असतील तर आधी सांगावे. मुलाम्यानंतर चार तासांच्या आत ते सुमारे २०० अंशांवर काही तास भाजावे लागतात, म्हणजे आत शिरलेला हायड्रोजन निघून जातो. ही सोय नसेल तर कडक बोल्ट मुलाम्याला देऊच नयेत. आणखी एक हिशेब: ६० अंशांच्या आट्यावर मुलाम्याची जाडी चौपट मोजावी लागते, कारण तो दोन्ही बाजूंनी आणि तिरका चढतो. ८ मायक्रॉनचा थर दिला की आट्याचा मधला व्यास ३२ मायक्रॉनने वाढतो. नट कधी कधी चढत नाही तो यामुळे. त्याला डाय मारून आटे सोलले की मुलामाही गेला.

चकाकीसाठी सगळीकडे स्टेनलेस बोल्ट लावण्याची हौस अलीकडे दिसते. आम्हाला ती पटत नाही. नेहमीच्या स्टेनलेस बोल्टचा तुटण्याचा ताण ७०० न्यूटनच्या आसपास, म्हणजे ८.८ पेक्षाही कमी, आणि त्याचे आटे आवळताना एकमेकांना चिकटून जाम होतात. शिवाय गाडी मूळ रूपात राहत नाही, ही गोष्टही आता केवळ हौसेची उरलेली नाही. २०२१ साली केंद्र सरकारने ५० वर्षांहून जुन्या खासगी गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणि 'व्हीए' अक्षरांचा क्रमांक सुरू केला. त्यासाठी गाडी मूळ स्वरूपात जपलेली असावी, सांगाडा, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल नसावा अशी अट आहे. एखाद्या बोल्टवरून कोणी नोंदणी नाकारणार नाही. पण बोल्ट बसावा म्हणून सांगाड्याला नवे भोक पाडणे किंवा ते मोठे करणे या गोष्टी टाळलेल्या बऱ्या.

जुळणीच्या वेळी घर्षणाचा धडा येतो. बोल्ट आवळायला लावलेल्या जोरातला ढोबळमानाने नऊ-दशांश भाग डोक्याखालच्या आणि आट्यांतल्या घर्षणात खर्च होतो. प्रत्यक्ष ताण द्यायला उरतो एक-दशांश. आट्याला तेल लावले की घर्षण घटते आणि तेवढ्याच जोराने बोल्टवर कितीतरी अधिक ताण पडतो. पुस्तकातला आकडा कोरड्या आट्याचा आहे की तेलाच्या, हे पाहूनच टॉर्क पाना लावावा.

चाकांशी येऊन थांबलात तर एक गोष्ट लक्षात ठेवा. विलिसच्या जुन्या जीपांमध्ये डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असतात. चाक फिरताना नट सैल होऊ नये या कल्पनेने ते तसे केले होते. ते सोडवायला पाना घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवावा लागतो. हे माहीत नसलेला माणूस नळी लावून जोर करतो आणि स्टड तोडतो. काहींवर 'एल' अक्षर असते, पण गंजाखाली ते दिसत नाही. डाव्या आणि उजव्या बाजूचे नट सुरुवातीलाच दोन वेगळ्या डब्यांत ठेवावेत, आणि चाके बसवल्यावर पहिल्या ४०-५० किलोमीटरनंतर सगळे नट पुन्हा एकदा आवळून पाहावेत.