डिस्प्ले जातो कुठे?

ठार बंद पडलेला पी.सी. परवडला, पण मधूनच रुसणारा नको! बंद पडलेल्याचं दुखणं निदान समोर तरी असतं. मधूनच डिस्प्ले जाणारा पी.सी. मात्र दुकानात नेला की शहाण्या मुलासारखा वागतो, आणि घरी आणला की पुन्हा काळोख.

गेल्या ऑगस्टमध्ये माझं हेच झालं. मुलुंडच्या घरी दादाचा जुना डेस्कटॉप आहे. सेमिनारचा रिपोर्ट त्यावरच, सबमिशनला दोन आठवडे, आणि एका सकाळी स्क्रीन अचानक काळा. मिनिटभराने आपोआप परत! रिपेअरवाला म्हणाला, "मदरबोर्ड गेला. सात हजार." बाबा काहीच बोलले नाहीत, फक्त माझ्याकडे बघून म्हणाले, "तुला इंजिनिअरिंगला घातलंय ना?"

झालं! मग वही घेऊन बसलो. स्क्रीन गेला की तारीख, वेळ, त्या वेळी काय चालू होतं आणि बाहेर पाऊस आहे का, एवढं लिहायचं. मधूनच येणाऱ्या दोषावर पहिलं हत्यार स्क्रू-ड्रायव्हर नव्हे, वही!

पहिला धागा गाण्याने दिला. स्क्रीन काळा झाला तरी स्पीकरवर गाणं चालूच होतं. म्हणजे प्रोसेसर, रॅम, मदरबोर्ड कामावर हजर. गडबड चित्राच्या वाटेवर. ही वाट अशी: ग्राफिक्स कार्ड, त्याचं सॉकेट, केबल, मॉनिटर.

आता एका टोकापासून सुरुवात. मॉनिटरचं मेनूचं बटण दाबलं. मेनू दिसला, वर 'नो सिग्नल' असंही आलं. म्हणजे मॉनिटर ठीक, त्याच्यापर्यंत सिग्नलच पोचत नाही. (मेनूही दिसला नाही, तर काळ्या एल.सी.डी.वर तिरका टॉर्च मारून बघा. चित्र पुसटसं दिसलं तर मागचा दिवा, म्हणजे बॅकलाइट गेलेला असतो.)

मग ड्रायव्हरवर संशय. सकाळी पी.सी. चालू करून विंडोजमध्ये न जाता बायोसच्या पानावर बसून राहिलो. तिथेही स्क्रीन गेला! तिथे विंडोजचा ड्रायव्हर चालूच नसतो, त्यामुळे तो निर्दोष सुटला. फॉरमॅट मारण्याचा सल्ला देणाऱ्या मित्रांचे आभार मानून पुढे निघालो.

शेजारच्या काकांची केबल आणून लावली. दोन दिवस सगळं झकास. मी घरात जाहीर करून टाकलं, "केबलच होती!" तिसऱ्या सकाळी पुन्हा काळोख. हीच खरी फसगत आहे. केबल बदलताना पिना घासल्या गेल्या, म्हणून दोष दोन दिवस लपला, गेला नव्हता.

या वेळी एक नवी गोष्ट वहीत आली. स्क्रीन जाण्याआधी पांढरा रंग क्षणभर निळसर हिरवा झाला होता. व्ही.जी.ए.च्या १५ पिनांत १, २, ३ नंबरच्या पिना अनुक्रमे लाल, हिरव्या, निळ्या रंगाच्या. १३ आणि १४ नंबरच्या आडव्या-उभ्या सिंकच्या. लाल तुटला की पांढऱ्यातून उरतात हिरवा आणि निळा. सिंक तुटला की मॉनिटर म्हणतो 'नो सिग्नल'. केबल बदलूनही हे होतंय, म्हणजे दोष कार्डाच्या सॉकेटमध्ये.

वहीनेही तेच सांगितलं. सहाही वेळा सकाळ, रात्रभर पाऊस, आणि चालू केल्यापासून पंधरा मिनिटांच्या आत. पावसाळ्यात मुंबईची आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर सहज जाते. दमट हवेत धातूच्या संपर्कावर धूळ आणि गंजाचा पातळ थर बसतो. पी.सी. तापला की ओल सुकते आणि संपर्क पुन्हा जुळतो. माझा सी.पी.यू. तर चक्क खिडकीखाली!

प्लग काढला, सॉकेट आणि केबलच्या पिना कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ केल्या, पूर्ण वाळू दिल्या, आणि कधीच न पिळलेले केबलचे दोन्ही स्क्रू घट्ट केले. सी.पी.यू. खिडकीपासून हलवला. जाहीर मात्र काही केलं नाही. भर पावसाचा एक अख्खा आठवडा गेल्यावरच बाबांना सांगितलं.

सगळेच दोष असे स्वस्तात सुटत नाहीत. चालू करताच बीप येऊन डिस्प्ले नसेल, तर रॅम काढून तिचे सोनेरी दात हलकेच पुसून घट्ट बसवा. २००० च्या दशकातल्या अनेक मदरबोर्डांवर सदोष कपॅसिटर लागले होते. डोकं फुगलेला कपॅसिटर दिसला तर तो बदलावाच लागतो. आणि एस.एम.पी.एस. किंवा जुना पिक्चर ट्यूबचा मॉनिटर घरी उघडू नका. बंद केल्यावरही आत जीवघेणा चार्ज राहू शकतो.

एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि बदललेली लिहून ठेवा. नाहीतर आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला! तेही सात हजारांचं.